बुडबुडे मोजणारा कान

तुम्ही गाव बंद केलंत, तेही गावात कुणी नसताना. माणसांसमोर उभं राहून बंद करायची तुमची छाती नव्हती. घरांना कड्या होत्या, चुली विझलेल्या होत्या, कुत्रीमांजरंसुद्धा वेशीबाहेर नेली होती, तेव्हा तुम्ही कळ दाबलीत. कळ तरी तुम्ही कुठे दाबलीत? तुमच्या यंत्राने ती आपणहून दाबली आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी चहा पिताना कागद पाहिलात. कागदावर होतं : मोरवेळ, लोकसंख्या शून्य.

शून्य म्हणजे चारशे बारा माणसं. त्यातलीच एक रुचिता जुवाटकर. तुमच्या यंत्राला कान दिले ते हिने. ते तिच्याच गावावर कसे उलटले हे तुमच्या कागदात नाही, म्हणून इथे सांगायचं.

मोरवेळ सिंधुदुर्गात आहे. गावापुढे अर्धचंद्रासारखी खाडीवजा कोंड, आणि त्या कोंडीच्या तळाशी शेवाळाचं रान. शेवाळ म्हटलं की विहिरीच्या पायरीवरचं बुळबुळीत हिरवं डोळ्यांपुढे येतं. हे तसलं नव्हे. पावसाळा सरला की खडकाला मुठीसारखे धरून बसलेले बुडखे फुटतात आणि पौषात पुरुषभर उंच झाडोरा उभा राहतो, तपकिरी, सोनेरी. फांद्यांना मिऱ्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्या जोरावर तो ताठ राहतो. त्या झाडोऱ्यात माकूल, म्हणजे स्क्विड, अंडी चिकटवतं, तांबोशी माशाची पिल्लं लपतात. उन्हाळ्यात सगळं झडतं आणि बुडखे तेवढे उरतात. गावाची अर्धी मासळी या रानाच्या जिवावर, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. रुचिताने ते सात वर्षं मोजून सिद्ध केलं.

मोजायची पद्धत साधी होती. बांबूची हातभर चौकट तळावर टाकायची आणि आतले बुडखे हाताने चाचपून मोजायचे. गावातल्या बायका मोजत. कालवं काढताना त्यांची बोटं खडकावर आयुष्यभर फिरलेली, त्यांना डोळे लागत नसत. इंदूकाकी केळुसकर त्यांची मुकादम. पण अशी मोजणी वर्षाला एकदाच व्हायची आणि बाहेरचे शास्त्रज्ञ विचारायचे, या बायकांच्या बोटांचं प्रमाणपत्र काय? रुचिता चिडली. चिडली आणि तिने कान बनवला.

कानाची गोष्ट अशी. शेवाळावर ऊन पडलं की ते प्राणवायू सोडतं. पानावर बारीक बुडबुडा धरतो, फुगतो, सुटतो. सुटताना तो वाजतो. काचेचा मणी पितळी ताटात पडावा तसा, फक्त इतका बारीक की माणसाला ऐकू येत नाही. पाण्यात बसवलेल्या ध्वनिग्राहकाला येतो. मिनिटाला किती बुडबुडे सुटले हे मोजलं की प्राणवायू किती तयार झाला ते कळतं, त्यावरून जिवंत रान किती ते कळतं. वर्षातून एकदा नव्हे, रोज, उन्हाच्या प्रत्येक तासाला. या हिशेबातून एक आकडा निघायचा, शंभरपैकी. मोरवेळचा आकडा चार वर्षं साठाच्या आसपास होता.

त्या आकड्यावर लढाई जिंकली गेली. कोंडीच्या तोंडाशी खनिजाची जेटी यायची होती. तुमच्या प्राधिकरणाने नियम केला : आकडा पंचावन्नच्या वर असेल तर ते संरक्षित सागरी रान. जेटी अडली. कान चाळीस किनाऱ्यांवर बसले. रुचिताने निबंध लिहिला आणि त्यात एक वाक्य लिहिलं, हाताची मोजणी संथ व अविश्वसनीय असल्याने ती आता बाद समजावी. इंदूकाकीला हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवलं. तेव्हापासून ती रुचिताला "कानवाली" म्हणते.

आता गावपळण. हीसुद्धा तुम्हाला समजावून सांगायला हवी, कारण तुमच्या यंत्राला ती कुणी सांगितली नव्हती. रुचितानेही नाही.

दर चार वर्षांनी अख्खं मोरवेळ तीन दिवस, तीन रात्री गाव सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे वेशीबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, नारळाच्या झापांच्या राहुट्यांत. गावात दिवा नाही, चूल नाही, इंजिन नाही. होड्या पलीकडच्या खाडीत नेऊन बांधायच्या. शेजारची गावंही त्या दिवसांत मोरवेळच्या पाण्यात होडी घालत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी रवळनाथाला कौल लावतात, देवाने होकार दिला की परतायचं. मागच्या गावपळणीत कान पाण्यात बसले नव्हते. यंदा, दोन हजार त्रेचाळीसच्या जानेवारीत, ते होते.

देवाने होकार दिला. माणसं हसत-खिदळत निघाली. वेशीवर पोलादी दांडा आडवा पडलेला. पर्यटकांची मोजदाद करायला तुम्हीच मागच्या साली बसवलेला, नेहमी उभा असायचा. खांबावरून बाईचा गोड आवाज आला, "आपण प्रतिबंधित क्षेत्राच्या सीमेवर आहात. कृपया मागे फिरा."

इंदूकाकी सगळ्यांत पुढे, काखेत कोंबडी. "मागे फिरान खय जाव? माजा घर पुढे आसा."

खांबाने तिचा चेहरा न्याहाळला. "आपल्या निवासाची नोंद आढळत नाही."

"काय म्हणता ती?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणता, मी नाय आसंय," काकी म्हणाली. "कोंबडेबद्दल काय बोलाक नाय."

लोक हसले. तेव्हा हसू येत होतं.

रुचिताचे वडील, भालू तांडेल, सत्तरी पार केलेला माणूस. रापणीचा दोर ओढून खांदे वाकलेले. ते खांबाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "बाय, आमी पळान नाय गेलव. गावपळणीक गेल्लव. आता इलव."

"कृपया मागे फिरा," खांब म्हणाला.

रुचिताने सड्यावर, करवंदीच्या जाळीशी बसून लॅपटॉप उघडला. आकडा पाहिला. चौऱ्याऐंशी.

पहिल्या क्षणाला तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपलं रान चौऱ्याऐंशी! मग तिने मागचा आकडा पाहिला. एकसष्टवरून चौऱ्याऐंशी, तीन दिवसांत? ऐन हंगामात शेवाळ दिवसाला बोटभर वाढलं तरी खूप. तिने कानावर हेडफोन चढवले आणि काल दुपारचा आवाज लावला.

असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. मणी, मणी, मणी. लाखो मणी. आणि त्यांच्यामागे काहीच नाही. घरघर नाही, धडधड नाही. शांतता.

तिने चार वर्षं कानाला जे शिकवलं ते दिवसाउजेडी शिकवलं, कारण बुडबुडे उन्हातच सुटतात. आणि उन्हाच्या वेळी मोरवेळच्या पाण्यात कुठली तरी होडी चालू असतेच. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा शांतता असते, पण तेव्हा रान झडलेलं आणि कान काढून ठेवलेले. म्हणजे कानाने शांततेतलं रान कधी ऐकलंच नव्हतं. इंजिनाच्या घरघरीत बारीक बुडबुडे बुडून जात होते आणि कान उरलेल्यांनाच सगळं रान समजत होता. गावपळणीत इंजिनं थांबली. रान तेवढंच होतं, कानाला पूर्ण ऐकू आलं, इतकंच.

तुमच्या नियमात मात्र एक कलम होतं : मानवरहित काळात आकडा पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढला तर त्या किनाऱ्याला कायम विश्रांती द्यावी. मानवरहित कसं ठरवायचं? बहात्तर तास वीज नाही, फोन नाही, उपग्रहाला चुलीची ऊब दिसत नाही, म्हणजे वस्ती उठली. तीन दिवस, तीन रात्री. बरोबर बहात्तर तास. गाव मोडायचं म्हणून कुणी मुद्दाम कलम लिहिलं असतं तरी इतकं बेतशीर लिहिता आलं नसतं.

तिने सगळ्यांना राहुटीपाशी बोलावून सांगितलं.

"म्हणजे तुजो कान खोटो?" इंदूकाकीने विचारलं.

"खोटो नाय गो काकी. गडबडीत तेका कमी ऐकाक येता. तुज्यासारख्याच."

"माका कमी ऐकाक येता, पण मी कोणाचा घर बंद करूक नाय."

रुचिताने लॅपटॉप मिटला.

"लिव मगे चिठ्ठी," काकी म्हणाली. "चूक झाली म्हणान. त्येंका काय, एक कळ दाबूची."

"लिवलंय तर जेटी येतली."

"ती कित्याक?"

रुचिताने सांगितलं. संरक्षणाचा हुकूम कानाच्या आकड्यावर उभा आहे. कान चुकतो असं कान बनवणाऱ्या बाईनेच लिहून दिलं, तर आकडा बाद. आकडा बाद, तर हुकूम बाद. खरं म्हणजे चूक रानाच्याच बाजूची होती, रान आकड्यापेक्षा दाटच निघालं होतं. पण नियमाला चूक कुठल्या बाजूची याच्याशी देणंघेणं नव्हतं. जेटीवाले जेटी अडल्यापासून तिच्या एका चुकीची वाट बघत बसले होते.

भालू तांडेल इतका वेळ जमिनीकडे बघत होते. ते म्हणाले, "मगे लिव नको."

"तांडेलानु, तुमका काय जाता बोलूक!" काकी उसळली. "तांदूळ सरलो. सड्यार पाणी नाय. लोकांची पोरा खोकतत."

"रान गेला तर माकूल गेला. माकूल गेला, मासळी गेली. मगे घरात जावन काय करतलंस इंदू? भिंती चाटतलंस?"

"निदान भिंती माज्या असतले!"

दोघंही बरोबर होते. रुचिता मधे बसली होती आणि दोघांचीही बोटं तिच्याकडे होती.

तिने गोव्याला कार्व्हालो सरांना फोन केला. तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रुचिता, चूक हा शब्द वापरू नको. चाळीस किनारे त्या कानावर आहेत. तू एकटीचा विचार करतेस."

"चारशे बारांचा करत्ये, सर."

"मग दाखवून दे. लिहू नको, दाखव. यंत्राला यंत्राच्या भाषेत कळतं."

तिला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा दुसरी वाट नव्हती.

मोरवेळच्या अठरा होड्या अजून खाडीत बांधलेल्या होत्या, हद्दीच्या बाहेर. हद्दीच्या आत इंजिनं चालत नव्हती, उपग्रहावरूनच त्यांना कुलूप पडायचं. पण आवाजाला कुठलं कुलूप? पाण्यात तो हवेपेक्षा चौपट वेगाने जातो आणि लांब जातो. सकाळी अकराला, स्वच्छ उन्हात, अठरा होड्या हद्दीच्या तरंगत्या बोयांना नाक लावून उभ्या राहिल्या. भालू तांडेलांनी लाल पंचा हलवला. अठरा इंजिनं एकदम सुरू झाली.

रुचिता दरडीवर आकडा बघत होती. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. सत्तर. दहा मिनिटांत बासष्ट.

पंचा खाली. इंजिनं बंद. पंधरा मिनिटांत त्र्याऐंशी.

पुन्हा. बासष्ट. त्र्याऐंशी. आणखी एकदा. तीनही वेळा तेच. शाळेत जाणाऱ्या पोरालाही कळलं असतं की दहा मिनिटांत रान मरत नाही आणि पंधरा मिनिटांत पुन्हा उगवत नाही. तिने तिन्ही वेळचे आवाज, आकडे, होड्यांची जागा असं सगळं जोडून पाठवलं. खाली एकच ओळ : रान बदललेलं नाही, फक्त ऐकू येणं बदललं आहे.

होड्यांवरून आरोळ्या चालल्या होत्या. कुणीतरी भजनाचा ठेका धरला. पहिल्यांदाच गाव तिच्याकडे आपली मुलगी म्हणून बघत होतं.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. माणसाचं नव्हे. "मोरवेळ सागरी रानास मानवनिर्मित ध्वनीमुळे तीव्र इजा झाल्याचे तीन प्रसंग नोंदवले गेले आहेत. प्रतिबंधित हद्द दोन किलोमीटरने वाढवण्यात येत आहे."

दोन किलोमीटर म्हणजे सडाही हद्दीत.

राहुट्यांवर ड्रोन येऊन थांबला. उद्या सूर्यास्तापूर्वी जागा सोडा. इंदूकाकी झाप उपसता उपसता म्हणाली, "कानवाले, तुज्या कानाक सांग, आता जरा भैरो हो." यावेळी कुणी हसलं नाही.

ते चिऱ्याच्या खाणीत गेले. दुसरी सपाट जागा नव्हती. जुनी, सोडून दिलेली खाण. तीन बाजूंनी लाल जांभा तासून सरळ केलेला, दोन माणसं उंच, चौथ्या बाजूने ट्रक उतरायचा तो उतार. आत उभं राहिलं की आभाळ चौकोनी दिसायचं. समुद्राचा आवाज येत नव्हता. भालू तांडेलांना आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज नव्हता. ते भिंतीला कान लावून बसायचे आणि कुणी बघितलं की पाठ खाजवायचं सोंग करायचे.

रुचिताने अर्ज केला. उत्तर : अर्जदार या क्षेत्राची रहिवासी नसल्याने अर्ज करण्यास पात्र नाही. तिने शास्त्रज्ञ म्हणून अर्ज केला. उत्तर : अर्जदाराचे कुटुंब या क्षेत्रात राहत असल्याने तिचे मत निःपक्षपाती मानता येत नाही. दोन्ही उत्तरं एकाच दिवशी, एकाच सहीने आली. तिने ती शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहिली. डाव्या कागदावर ती मोरवेळची नव्हती, उजव्या कागदावर होती. दोन्हीकडे उत्तर नाहीच.

अकराव्या दिवशी इंदूकाकी येऊन बसली. हातात कोयता आणि बांबू.

"अमावास्या आसा परवा. उधाणाची ओहोटी. पाणी खडपाच्या खाली जातला. आमी मोजतलव."

"काय?"

"रान. तुज्या कानाच्या आधी कोण मोजी? कान नको, आकडो नको. बोटांनी मोजून त्येंच्या तोंडार मारतलव. इतक्या रान आसा, आमी हय असताना वाढलेला आसा, बघा."

"काकी, आत पाय ठेवणं गुन्हा आहे." रुचिता ऑफिसातल्या मराठीवर गेली होती, तिच्या लक्षातही आलं नाही.

"आमी आसोव खय? शून्य ना आमी? शून्यार गुन्हो कसो लागता ता बघूया तरी."

रुचिता काकीच्या बोटांकडे बघत होती. कालवांच्या कडांनी चिरून चिरून त्यांवर रेघाच रेघा झालेल्या. "काकी," ती म्हणाली, "मीच लिवलेलंय, तुमची मोजणी बाद म्हणान."

"माका ठावक आसा. चौकट धर, गाठ मारूची आसा."

अमावास्येला, ढळत्या दुपारी, एकेचाळीस बायका उतारावरून निघाल्या. लपूनछपून नाही. साड्यांचे काष्टे मारलेले, खांद्यावर बांबूच्या चौकटी, पुढे इंदूकाकी. दांड्याखालून वाकून गेल्या. खांब गोड आवाजात बोलत राहिला. गावातली घरं तशीच होती, कुणाच्या तरी वळचणीला वाळत घातलेला टॉवेल तसाच. कुणी घराकडे वळलं नाही. थेट पाण्यात.

पाणी ओसरून रानाचे शेंडे उघडे पडले होते, उन्हात ओले, चकाकत. वर तीन ड्रोन. "इंदुमती गोविंद केळुसकर, आपण प्रतिबंधित क्षेत्रात आहात. आपल्यावर कारवाई होईल."

काकी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि आनंदाने ओरडली, "ऐकलास गो? नाव घेतल्यान! घोवाच्या नावासकट! लोकसंख्या शून्य ना रे? मगे नोटीस कोणाक देतस?" आणि बाकीच्या बायकांना, "आपापला नाव इला की ओ देवा गो! हजेरी चलली आसा!"

एकेक नाव वरून येत होतं, खालून ओ येत होती. रुचिताने चौकट टाकली, श्वास धरला आणि खाली गेली. चार वर्षांत ती रानात उतरली नव्हती. कान होते ना. तिने पहिला बुडखा मुठीत धरला. तो खडकाला इतका घट्ट होता की तिलाच आधार वाटला.

दोनशे सहा चौकटी. चौकटीत सरासरी एकोणीस बुडखे. कान बसण्याआधीच्या शेवटच्या मोजणीत सोळा होते. गाव राहत असताना, होड्या चालत असताना रान वाढलं होतं.

या मोजणीमुळे सुनावणी मिळाली. एकेचाळीस बायकांवर खटला भरायचा तर त्या अस्तित्वात आहेत हे आधी मान्य करायला हवं, आणि तिथे तुमची गोची झाली. खाणीत एका चिऱ्यावर लॅपटॉप ठेवला. मागे अख्खं गाव. पडद्यावर तुमची अधिकारी बाई, मागे पांढरी भिंत. दुसऱ्या चौकोनात जेटीवाल्यांचा वकील.

बाई सभ्य होती. तशाच असतात. "रुचिताताई, मला एकच गोष्ट हवी आहे. तुमचं यंत्र बरोबर आहे की चूक? एका शब्दात."

"एका शब्दात होत नाही, मॅडम. गोंगाटात ते कमी..."

"एका शब्दात. बरोबर असेल तर विश्रांतीचा हुकूम योग्य आहे. चूक असेल तर तसं म्हणा."

वकील चष्मा पुसत होता. त्याला घाई नव्हती.

रुचिताने मागे पाहिलं. वडील भिंतीशी होते. तिला वाटलं होतं ते मान हलवतील, नको म्हणून. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खरा काय ता सांग. खोट्यार उभा रव्हलेला रान आमका नको."

तिच्या आयुष्याची पंधरा वर्षं त्या कानात होती. चाळीस किनारे होते.

"चूक," ती म्हणाली. "माझी चूक. कान शांततेत तपासला नव्हता. मोरवेळचा आकडा धरू नका. आमची हाताची मोजणी धरा, दोनशे सहा चौकटींची. ज्या बायकांची मोजणी मी बाद ठरवली होती त्यांनीच केली आहे, आणि ती बाद ठरवण्यात मी चुकले होते, हेही लिहून घ्या."

वकिलाने चष्मा लावला. "माझी विनंती आहे की आकडा बाद झाल्याने सागरी रानाचा दर्जा निलंबित व्हावा."

बाईने काहीतरी दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं होतं ते करडं झालं. संरक्षण निलंबित. इतकंच. पाच वर्षांची लढाई, एक टिचकी.

"आणि गाव?" रुचिताने विचारलं. "गाव उघडा आता."

"विश्रांतीचा हुकूम वेगळ्या कलमाखाली आहे. तो मागे घ्यायचा तर आकडा पंचावन्नच्या खाली आलेला दिसायला हवा."

"कसला आकडा?"

"कानाचा."

मागे कुणाच्या तरी हातातलं भांडं चिऱ्यावर पडलं.

"मॅडम, तुम्ही आत्ता तो कान बाद केलात."

"संरक्षणाच्या कामासाठी. विश्रांतीच्या कामासाठी दुसरं साधन उपलब्ध नाही."

"हाताची मोजणी?"

"ती प्रतिबंधित क्षेत्रात बेकायदा प्रवेश करून झालेली आहे. पुरावा म्हणून घेता येणार नाही." बाईच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्यासारखं काहीतरी आलं. "मी समजू शकते. आज इथेच थांबू या."

"नाही थांबायचं."

"ताई, वेळ संपली आहे."

"माझी नाही संपली. मी लाईन सोडत नाही. तुम्ही मला एका शब्दात विचारलंत, मी एका शब्दात सांगितलं. माझा कान गेला, नाव गेलं, उद्या जेटीचे खांब ठोकतील तेव्हा रानही जाईल, आणि ते मी माझ्या तोंडाने बोलले म्हणून जाईल. आता तुमची पाळी."

रुचिता पडद्याच्या इतकी जवळ गेली की बाईला तिचे डोळे तेवढे दिसत असणार.

"कान चूक असेल तर त्याच्या सांगण्यावरून बंद केलेलं गाव उघडा. कान बरोबर असेल तर रानाचं संरक्षण परत द्या. दोनातलं एक काहीतरी आमचं आहे, मॅडम. दोन्ही तुमचं कसं? चारशे बारा माणसं इथे उभी आहेत. तुमच्या ड्रोननी एकेकीचं नाव घेतलंय. कान बरोबर की चूक? एका शब्दात. सांगा."